चीनमध्ये फ्लॅट घेतलात? सामान उघडायच्या आधी पोलिसांत नोंद करा

हॉटेलात असेपर्यंत परदेशी पाहुण्यांची पोलिसांकडची नोंद हॉटेलच करतं. त्यामुळे भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेल्यावर ती आपण करायची असते हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. कायद्याने मुदत २४ तासांची आहे आणि नोंद घरातल्या प्रत्येकाची हवी, अगदी तान्ह्या बाळाचीही. जवळच्या पोलीस ठाण्यात (पायछूसुओ) जायचं. काही शहरांत हे ऑनलाइनही होतं. पासपोर्ट आणि भाडेकरार तर लागतातच, बहुतेक ठिकाणी घरमालकाच्या ओळखपत्राची प्रतही मागतात. ती करारावर सही करतानाच घेऊन ठेवा, नंतर मालकाच्या मागे लागणं फार जिवावर येतं. मिळालेला कागद नीट जपा. निवास परवान्याच्या अर्जाला तो लागतो आणि तो अर्ज देशात आल्यापासून ३० दिवसांत करायचा असतो. घर बदललं की पुन्हा नोंद. भारतातून आई-बाबा राहायला आले तर त्यांचीही.

वीज २२० व्होल्टची असल्याने आपला मिक्सर चालतो, पण तीन गोल पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. मिक्सरचा भार पेलेल असा चांगला अ‍ॅडॅप्टर सोबत न्या. नळाचं पाणी उकळूनच प्या.

आणि थंडीचा विचार घर बघतानाच करा. बीजिंगमध्ये साधारण १५ नोव्हेंबर ते १५ मार्च सामुदायिक हीटिंग असतं, शांघायमध्ये तशी सोय नसते. तिथे मुलांच्या खोलीतला एसी गरम हवा देतो का, हे स्वतः चालवून बघा.