सर्व्हो थरथरतोय? कोड उघडायच्या आधी या चुका टाळा

सर्व्हो (सांगितलेल्या अंशावर फिरून थांबणारी छोटी मोटर) जागेवर थांबायचं सोडून थरथरायला लागला की जवळजवळ सगळेच आधी कोड उघडतात, डिले वाढवतात, लायब्ररी बदलतात, अख्खी संध्याकाळ जाते आणि चूक निघते वायरिंगमध्ये. म्हणून कळकळीने सांगतोय, आधी पॉवर बघा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सर्व्होची लाल वायर सरळ आर्डुइनोच्या (सर्व्होला सिग्नल देणाऱ्या, कोड चालवणाऱ्या बोर्डच्या) ५ व्होल्ट पिनमध्ये खोचणं. एकटा एसजी-९० हा छोटा सर्व्हो लोड नसताना बरेचदा चालून जातो त्यामुळे वाटतं सगळं बरोबर आहे, पण तोच इवलासा सर्व्हो सुरू होताना किंवा अडकला की अर्धा-पाऊण अँपिअर ओढतो, आणि आर्डुइनो ऊनो बोर्डवर यूएसबीच्या लाइनला फ्यूजच ५०० मिलिअँपिअरचा आहे. मग व्होल्टेज बसतं, सर्व्होच्या आतलं सर्किट गडबडतं, हॉर्न (सर्व्होच्या दांड्यावर बसवलेला हात) भलतीकडे सरकतो, परत जागेवर यायला पुन्हा करंट ओढतो, की परत तेच. खोलीतला लाइट बंद करून सर्व्हो हलताना बोर्डवरचा पॉवरचा एलईडी बघा, तो जरासा जरी मंद झाला तरी दोष सापडला समजा. मल्टिमीटरवर विसंबू नका, हा झटका काही मिलिसेकंदांचा असतो आणि मीटर सरासरी दाखवतो.

एक-दोन एसजी-९० साठी वेगळा ५ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर पुरतो. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी अजिबात नको, तिच्यातून एवढा करंट निघतच नाही. एमजी-९९६आर हा मोठा सर्व्हो असेल तर अडकल्यावर एकटाच अडीच अँपिअरपर्यंत जातो, तसा हिशोब धरा.

वेगळा सप्लाय लावला की लगेच दुसरी चूक होते, ग्राउंड जोडायचं राहून जातं. अ‍ॅडॉप्टरची मायनस, सर्व्होची ब्राउन वायर आणि आर्डुइनोचा ग्राउंड, तिन्ही एकत्र हवेत, नाहीतर सिग्नल कशाच्या तुलनेत मोजायचा हेच सर्व्होला कळत नाही. सर्व्होच्या अगदी जवळ लाल आणि ब्राउनमध्ये ४७० किंवा १००० मायक्रोफॅरॅडचा, १६ व्होल्टचा कपॅसिटर टाका, पट्टीची बाजू मायनसला, उलटा लागला तर फुटू शकतो, तेवढं नीट बघून लावा.

आता कोड. सेटअपमध्ये (सुरुवातीला एकदाच चालणारा भाग) एकदाच ९० अंश लिहा, लूप (सतत चालणारा भाग) रिकामा ठेवा. तरीही थरथरला तर परत वायरिंगकडे. शांत झाला तर दोष बहुतेक पॉटचा (पोटेन्शिओमीटर, म्हणजे अँगल ठरवायला फिरवायचा नॉब) नाहीतर दुसऱ्या एखाद्या लायब्ररीचा. पॉटचं रीडिंग कधीच स्थिर नसतं, १०२४ पायऱ्या १८० अंशांत बसवल्या की एका अंशाला साधारण साडेपाच-सहा येतात, आणि रीडिंग नेमकं सीमेवर असलं की सर्व्हो ८७-८८-८७ करत बसतो. आधीच्या अँगलपेक्षा दोन अंशांहून जास्त फरक असेल तरच नवा लिहा, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

निओपिक्सेल (रंगीत एलईडी) किंवा सॉफ्टवेअर सिरियल (कोडने चालवलेला सिरियल पोर्ट) यांची लायब्ररी सोबत असेल तर ती थोडा वेळ इंटरप्ट, म्हणजे वेळेवर काम करून घेणारे अंतर्गत इशारे, बंद ठेवते. सर्व्होला दर २० मिलिसेकंदांनी साधारण १ ते २ मिलिसेकंदांचा पल्स लागतो, तो थोडा लांबला तरी हॉर्न उडतो. एलईडी कमी वेळा अपडेट करा किंवा सर्व्हो पीसीए-९६८५ या स्वतःच पल्स देणाऱ्या बोर्डवर न्या.

फक्त ० किंवा १८० वर गुणगुणतोय? मग तो आतल्या स्टॉपवर दाबतोय, १० ते १७० मध्ये वापरा, गिअर वाचतील.

एवढं करूनही थांबला नाही तर त्याच वायरींवर दुसरा सर्व्हो लावून बघा. तो शांत राहिला तर पहिल्याच्या आतला, स्वतःची जागा मोजणारा पॉट बहुतेक झिजलाय.