खिम्याला पानांचा अर्क: कसा काढायचा, किती घालायचा

कच्चे मांस दोन तऱ्हांनी बिघडते. जिवाणू वाढले की ते बुळबुळीत होते आणि वास मारते. हवा लागली की चरबी खवट होते आणि लाल रंग देणारे मायोग्लोबिन तपकिरी पडते. पानांतली फिनॉलिक द्रव्ये (वनस्पतींतली तुरट-कडवट नैसर्गिक रसायने) या दुसऱ्या बिघाडाला चांगला आवर घालतात, पहिल्याला जेमतेम. प्रयोगशाळेतल्या बशीत जिवाणू मारणारा अर्क मांसात मिसळला की ढिला पडतो, कारण त्यातली बरीच द्रव्ये मांसातली प्रथिने आणि चरबी यांनाच चिकटून बसतात.

म्हणून अर्काची खरी जागा म्हणजे खिमा, आणि त्यातही फ्रीझरमध्ये ठेवायचा खिमा. मांस दळले की हवा आतपर्यंत शिरते, मायोग्लोबिनमधले लोह चरबीत कालवले जाते आणि खवटपणा झपाट्याने येतो. उणे १८ अंशांना जिवाणूंची वाढ थांबते, चरबीचे ऑक्सिडीकरण (हवेतल्या ऑक्सिजनमुळे खवट होणे) मात्र सावकाश चालूच राहते. अखंड तुकड्यांना अर्काचा फायदा त्या मानाने कमी.

पाने कोणती? सर्वात भरवशाची रोझमेरी (तिच्यातले गुणकारी द्रव्य कार्नोसिक आम्ल) आणि ग्रीन टी (त्यातली कॅटेचिने). शेवगा, पेरू, पुदिना, कढीपत्ता यांचाही उपयोग होतो. पेरूच्या पानांत टॅनिन हे तुरट द्रव्य जास्त, त्यामुळे हात राखून घाला. पपईची पाने टाळा, त्यांतले पपेन हे प्रथिने तोडणारे द्रव्य खिम्याचा लगदा करते. खाण्यात नसलेल्या किंवा फवारणी केलेल्या झाडाचा पाला तर नकोच.

पाने धुऊन, पाणी पूर्ण निथळून सावलीत एकेरी थरात वाळवा. चुरगळल्यावर कुरकुरीत आवाज आला पाहिजे. देठाशी ओल राहिली तर पूड डब्यात बुरशी धरते. १०० ग्रॅम ताज्या पानांची साधारण २० ते २५ ग्रॅम वाळलेली पाने होतात. पूड जाडसरच ठेवा. वस्त्रगाळ केली तर अर्क गढूळ येतो आणि कापडातून उतरता उतरत नाही.

स्टीलच्या भांड्यात १०० मिली पाणी ८० अंशांपर्यंत तापवा. तळाशी बारीक बुडबुडे धरतात पण उकळी फुटलेली नसते, ती वेळ. थर्मामीटर असेल तर उत्तमच. गॅस बंद करून १० ग्रॅम पूड घाला, झाकण ठेवा, दहा मिनिटांनी मलमलीतून गाळून पिळा. पूड बरेच पाणी पिऊन बसते, म्हणून हाती ७० मिलीच्या आसपास अर्क येईल. लोखंडी भांडे वापरू नका, टॅनिन आणि लोह मिळून अर्क काळानिळा होतो. खळखळ उकळले तर कडवटपणा जास्त उतरतो, पुदिन्यासारख्या पानांचा सुवासही वाफेवर उडून जातो. (रोझमेरीतले कार्नोसिक आम्ल पाण्यात फारसे विरघळत नाही. तिची वाळलेली बारीक पूडच किलोला २ ग्रॅम मिसळलेली बरी.)

अर्क लगेच थंड करा आणि खिम्याइतकाच गार झाल्यावर वापरा. कोमट अर्क ओतला की खिम्याचे तापमान चढते आणि सगळी मेहनत वाया. एक किलो खिम्याला २० मिली पुरे. एकदम न ओतता तीन-चार वेळा शिंपडून दोन मिनिटे हलक्या हाताने कालवा. ५० मिलीपर्यंत गेलात तर खिमा पाणी सोडतो, हिरवट दिसतो आणि जिभेला तुरटपणा जाणवतो. शिवाय जास्त घातले म्हणजे जास्त टिकले असे होत नाही: लोहाच्या सोबतीने काही फिनॉल अतिमात्रेत उलट ऑक्सिडीकरणाला हातभार लावतात. मीठ आता घालू नका. तेही खवटपणा वाढवते, शिजवतानाच घाला. मग खिमा पिशवीत पातळ थापून, हवा दाबून काढून, तारीख लिहून लगेच फ्रीझरमध्ये टाका.

अर्क स्वतःही नासतो. फ्रिजमध्ये एक दिवस, उरलेला बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. आधी एका खणात किती मिली मावते ते मोजून घ्या.

आपल्या पानांचा गुण येतो का, हे बघायचे तर एकाच खिम्याच्या १०० ग्रॅमच्या दोन पिशव्या करा: एकीत २ मिली अर्क, दुसरीत २ मिली साधे पाणी. दोन्ही दोन महिने गोठवून ठेवा, फ्रिजमध्येच वितळवा आणि पूर्ण शिजवून शेजारी शेजारी हुंगा. पुठ्ठ्यासारखा किंवा जुन्या तेलासारखा वास म्हणजे खवटपणा. कोणती पिशवी कोणती हे दुसऱ्याला ठरवू द्या, नाहीतर नाक आपल्याला हवे तेच सांगते.

अर्काचा सगळ्यात मोठा धोका त्याच्या सुवासातच आहे. पुदिना बिघाडाचा वास झाकतो, आणि साल्मोनेलासारखे रोगजंतू तर मुळात वासच देत नाहीत. म्हणून फ्रिजची मुदत अर्काने वाढली असे धरू नका. ४ अंशांखाली खिमा एक ते दोन दिवस, अर्क घातलेला असो वा नसो. शिजवताना मधोमध ७१ अंश, कोंबडीचा असेल तर ७४.