एटिस ऐकावं कसं: वैमानिकांच्या इंग्रजी परीक्षेची तयारी

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून उडालेली शिकाऊ विमानं रोवणीच्या दिवसांत आमच्या बांध्यांवरून जाताना दिसतात. ती बघत वाढलेली काही मुलं-मुली आता स्वतः वैमानिक व्हायला निघाली आहेत आणि इंग्रजीसाठी माझ्याकडे येतात. मराठी माध्यमातून आलेल्या या मुलांना व्याकरण जमतं, बोलणंही हळूहळू जमतं. घाम फुटतो तो एटिसच्या रेकॉर्डिंगला.

एटिस म्हणजे विमानतळावरून रेडिओवर सतत फिरत राहणारी, हवामानाची आणि धावपट्टीची ध्वनिमुद्रित माहिती. इंग्रजीच्या परीक्षेत इकाओ ही विमान वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संस्था उच्चार, वाक्यरचना, शब्दसंपत्ती, ओघ, आकलन आणि संवाद अशी 6 कौशल्यं तपासायला सांगते. सहांपैकी ज्यात सर्वांत कमी पातळी मिळते, तीच तुमची अंतिम पातळी ठरते. किमान चौथी लागते. म्हणून कान कच्चा राहिला तर बाकीची मेहनत वाया जाते.

गोंदिया स्टेशनवर गाडीची घोषणा आपण कशी ऐकतो? गाडीचं नाव आलं की आता फलाट क्रमांक येणार हे ठाऊक असतं, आणि कान तेवढ्यासाठी टवकारतो. एटिस तसंच ऐकायचं. त्याचा क्रम ठरलेला आहे, म्हणून आधी तो पाठ करा: विमानतळाचं नाव, माहितीचं अक्षर, वेळ, धावपट्टी, वारा, दृश्यता, पाऊस-धुकं, ढग, तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला दव धरतं), हवेचा दाब (क्यूएनएच), शेवटी पुढच्या 2 तासांतला बदल. वहीत याच क्रमाने रकाने आखा आणि मग रेकॉर्डिंग लावा.

जुलैतल्या एका सकाळसाठी सरावाला मी रचलेला हा नमुना:

«नागपूर, इन्फर्मेशन चार्ली, टाइम झिरो थ्री थ्री झिरो, रनवे इन यूज थ्री टू, विंड टू एट झिरो डिग्रीज एट नॉट्स, व्हिजिबिलिटी फोर थाउजंड मीटर्स, मिस्ट, क्लाउड स्कॅटर्ड वन थाउजंड फाइव्ह हंड्रेड फीट, ब्रोकन नाइन थाउजंड फीट, टेम्परेचर टू सिक्स, ड्यू पॉइंट टू फाइव्ह, क्यूएनएच वन झिरो झिरो फोर, नोसिग.»

पहिल्यांदा ऐकताना फक्त अक्षर, वेळ आणि धावपट्टी लिहा. माहिती बदलली की अक्षर पुढे सरकतं: चार्ली म्हणजे C, त्यानंतर डेल्टा म्हणजे D. वैमानिक पहिल्या संपर्कात आपल्याकडे कोणतं अक्षर आहे ते सांगतो, म्हणून ते चुकवू नका. वेळ जागतिक घड्याळाची असते. 0330 मध्ये साडेपाच तास मिळवले की आपले सकाळचे 9 वाजतात.

दुसऱ्या फेरीत वारा आणि दृश्यता. इथे मराठी माणसाला एक सोय आहे. «पश्चिमेचा वारा» म्हणताना आपण तो जिथून येतो ती दिशा सांगतो, आणि एटिसमध्येही तेच. 280 अंश म्हणजे जवळपास पश्चिमेचा, 8 नॉट म्हणजे ताशी सुमारे 15 किलोमीटर. आकडे ऐकताना मनात मराठीत वळवत बसू नका. «वन झिरो झिरो फोर» कानावर आलं की हाताने सरळ 1004 लिहावं. तेवढ्यात «एक हजार चार» म्हणत बसलात तर पुढचा आकडा निसटतो. काही आवाज «थ्री»चा «ट्री», «फाइव्ह»चा «फाइफ» आणि «नाइन»चा «नायनर» करतात. ती चूक नाही, ठरवून दिलेला उच्चार आहे.

सगळ्यात जास्त गुण जातात ते ढगांवर. आकाशाचे 8 भाग धरतात. फ्यू म्हणजे 1-2 भाग झाकलेले, स्कॅटर्ड 3-4, ब्रोकन 5 ते 7, ओव्हरकास्ट पूर्ण 8. «ब्रोकन»चा अर्थ मुलं «तुटक» असा लावतात आणि आभाळ मोकळं आहे असं उत्तर देतात. खरं तर आभाळ बहुतेक भरलेलं असतं. «कॅव्होक» एवढाच शब्द आला तर दृश्यता 10 किलोमीटर किंवा जास्त, 5000 फुटांखाली ढग नाहीत आणि हवामानाची अडचण नाही असं साधारण समजा.

मिस्ट आणि फॉगमधला फरक दृश्यतेचा आहे: 1000 मीटरच्या खाली गेली की फॉग. तापमान 26 आणि दवबिंदू 25, म्हणजे दोन्ही जवळ आले की हवा ओलाव्याने भरत आली. तुरीवर धुवारी पडते त्या पहाटे आपल्या शेतात हेच घडतं. «वैमानिकाने कशाची काळजी घ्यावी?» असा प्रश्न आला तर हे दोन आकडे उत्तर देतात. नोसिग म्हणजे मोठा बदल अपेक्षित नाही.

भारतीय रेकॉर्डिंग जमलं की परदेशी लावा. अमेरिकेत दृश्यता मैलात येते आणि दाबाला क्यूएनएच न म्हणता अल्टिमीटर म्हणतात, इंचांत: «टू नायनर नायनर टू». गावात नेटवर्क दगा देतं, म्हणून तालुक्याला गेलात की चार-पाच रेकॉर्डिंग फोनमध्ये उतरवून आणा.

रोज शेवटी वही झाका आणि ऐकलेलं साध्या इंग्रजी वाक्यांत मोठ्याने सांगा: वारा कुठून, किती दूरवर दिसतं, आभाळ किती भरलंय. नंतर वही उघडून रकान्यांशी ताडून बघा. जो रकाना रोज रिकामा राहतो, दुसऱ्या दिवशीचा सराव तिथूनच सुरू करा.