तोलेदोला एका दिवसात जाताय? या चुका टाळा

माद्रिदला गेलेले बरेच जण जवळचं तोलेदो हे जुनं शहर जाता जाता उरकतात. सकाळी तोलेदो, दुपारी सेगोविया असा बेतही सर्रास आखला जातो. तो आखू नका. ताहो नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या तोलेदोच्या टेकडीवर ९९९ सालची मशीद, दोन जुनी सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) आणि स्पेनमधलं एक भव्य कॅथेड्रल पायी फिरण्याच्या टप्प्यात आहेत. एवढ्यासाठी पूर्ण दिवस द्यायलाच हवा.

बहुतेकांची पंचाईत होते ती तिकिटावरून. माद्रिदच्या आतोचा स्टेशनहून सुटणारी आव्हांत ही जलद ट्रेन अर्ध्या तासाच्या आसपास पोचवते, पण तिचं प्रत्येक आसन आरक्षित असतं आणि सुट्टीच्या दिवशी सकाळच्या गाड्या भरून जातात. जाण्या-येण्याची दोन्ही तिकिटं आधीच काढा. बॅगांची तपासणी होते, त्यामुळे ऐनवेळी धावत पोचू नका. गाडी चुकलीच तर दिवस गेला असं मानू नका. मेट्रोने प्लाझा एलिप्तिका गाठा, तिथून बस मिळते. वेळ थोडा जास्त लागेल, इतकंच.

वारही बघून ठेवा. सोमवारी चित्रकार एल ग्रेकोचं संग्रहालय आणि एल ट्रान्सितो सिनेगॉग बंद असतं. रविवारी सकाळी कॅथेड्रलमध्ये उपासना असते, पर्यटकांना दुपारी आत सोडतात. अनेक ठिकाणांसाठी मिळून मनगटावर बांधायचा एक पट्टा विकत मिळतो. सांतो तोमे चर्च, सांता मारिया ला ब्लांका सिनेगॉग, सान हुआन दे लोस रेयेस मठ त्यात येतात. कॅथेड्रल मात्र येत नाही, त्याचं तिकीट वेगळं. पट्टा घेतला म्हणून थेट कॅथेड्रलच्या दाराशी गेलात तर परत फिरावं लागेल.

आता सगळ्यात मोठी चूक: आत जाऊन फोटो काढायचे आणि बाहेर पडायचं. कॅथेड्रलच्या मुख्य वेदीमागे नार्सिसो तोमेने १७३२ मध्ये पूर्ण केलेलं 'ट्रान्स्परेंते' हे संगमरवरी वेदीशिल्प आहे. त्याच्याकडे पाठ करून वर बघा. उजेड यावा म्हणून तोमेने चक्क दगडी छतच फोडलं. त्या भगदाडाच्या कडेने मूर्तींची दाटी आहे आणि तिथून खाली संगमरवरावर ऊन उतरतं. सांतो तोमेमध्ये एल ग्रेकोचं 'काउंट ऑफ ऑर्गाझचं दफन' हे एकच चित्र बघायला गर्दी असते, म्हणून दार उघडताच जा. डावीकडे खाली हात दाखवत उभा असलेला मुलगा म्हणजे चित्रकाराचा स्वतःचा मुलगा. त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या रुमालावर १५७८ हे त्याचं जन्मसाल आहे. पुढे सरकायच्या घाईत हा रुमाल नजरेतून निसटतो, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

बूट राजगडावर घालाल तसेच घाला. गल्ल्या दगडगोट्यांच्या आणि चढाच्या आहेत. खालून वर यायला सरकते जिने आहेत, ते वापरा आणि पायांतली ताकद वरच्या भटकंतीसाठी राखा. उंच भिंतींमध्ये मोबाइलचा नकाशा भरकटतो. अशा वेळी सोकोदोवेर या मुख्य चौकाच्या पाट्या शोधा, नाहीतर कुणालाही त्याचं नाव विचारा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन चाळिशीपर्यंत जातं, तेव्हा दुपार संग्रहालयात काढा.

शाकाहारी असाल तर 'भाज्यांचा पदार्थ' एवढं ऐकून मागवू नका. त्यात हॅमचे तुकडे असू शकतात. पिस्तो मान्चेगो ही ढोबळी मिरची-टोमॅटोची भाजी चांगली, पण वर अंडं नको असेल तर आधी सांगा. माझापान या बदामाच्या मिठाईवरही चकाकीसाठी अंडं लावलेलं असू शकतं, विचारून घ्या.

नदीपलीकडची मिरादोर देल व्हाये ही शहर बघायची जागा वगळू नका. अख्खं शहर एका नजरेत तिथूनच दिसतं, आणि जायला सोकोदोवेरहून बस आहे. संध्याकाळी जाणार असाल तर परतीची गाडी त्या हिशोबाने धरा, कारण जूनमध्ये सूर्य साडेनऊनंतर मावळतो.