आपल्या वस्तीतल्या प्रश्नाचा नकाशा कसा करावा: जीआयएसची सुरुवात पहिल्या नोंदीपासून

नकाशावर ठिपके उमटले की नजर आधी गर्दीकडे जाते. जिथे ठिपके दाट, तिथे प्रश्न मोठा, असं वाटतं. पर्यावरणाच्या किंवा वस्तीच्या प्रश्नाचा नकाशा करणाऱ्यांना मात्र मी आधी मोकळ्या जागा बघायला सांगते. मोकळ्या जागेचे दोन अर्थ होऊ शकतात: तिथे तो प्रश्न नाही, किंवा तिथे कोणी बघायलाच गेलं नाही. तक्रारींवरून केलेला नकाशा तर बहुतेक वेळा तक्रार करणाऱ्यांची घरं दाखवतो. ज्यांच्याकडे फोन नाही, वेळ नाही किंवा तक्रारीने काही होईल असा भरवसा उरलेला नाही, त्यांची गल्ली कोरीच राहते. हे दोन अर्थ वेगळे करता येतील अशी माहिती कशी गोळा करायची आणि तिचा नकाशा कसा करायचा, ते इथे क्रमाने सांगते.

जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. साध्या भाषेत, जिच्यातल्या प्रत्येक ओळीला जमिनीवरची जागा जोडलेली आहे अशी माहितीची सारणी. अशा अनेक सारण्या एकाच जागेवर एकावर एक ठेवता येतात. त्यांना थर किंवा लेयर म्हणतात. कॅनडातल्या जमिनीची नोंद ठेवण्यासाठी रॉजर टॉमलिन्सन यांनी १९६०च्या दशकात अशी पहिली मोठी संगणकीय प्रणाली उभी केली. तेव्हा हे काम सरकारी यंत्रणेलाच परवडणारं होतं. आज क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालतं आणि नोंदी घ्यायला हातातला फोन पुरतो.

समजावून सांगायला एकच उदाहरण शेवटपर्यंत घेते: पावसात वस्तीत पाणी तुंबणं. कचऱ्याचे ढीग, झाडांची सावली, पिण्याच्या पाण्याची चव, रस्त्यावरचे अपघात, यांपैकी कशालाही हाच क्रम लागू पडतो.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘पाणी तुंबण्याचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘गुडघ्याच्या वर पाणी चढतं त्या जागा सखल आहेत म्हणून तिथे पाणी चढतं, की तिथली गटारं तुंबलेली आहेत म्हणून?’ हा प्रश्न झाला. असं वाक्य हाती आलं की कोणते थर लागतील ते आपोआप कळतं: पाण्याच्या नोंदी, जमिनीची उंची, गटारांची स्थिती. बाकीचं गोळा करू नका. हाताशी आहे म्हणून घेतलेली माहिती पुढे फार वेळ खाते.

अभ्यासाची सीमा ठरवताना प्रशासनाची हद्द तशीच उचलू नका. पाणी हद्द मानत नाही. ते जिथून वाहत येतं तो वरचा उतारही नकाशात हवा. प्रश्न हवेचा असेल तर वाऱ्याची दिशा बघून सीमा वाढवा.

दुसरी पायरी: तयार माहिती कुठे मिळते

रस्ते, इमारती, ओढे यांच्यासाठी ओपनस्ट्रीटमॅप बघा. २००४ साली सुरू झालेला हा नकाशा लोकच काढतात आणि तो कोणालाही उतरवून घेता येतो. तुमचा भाग तिथे अपुरा असेल तर उपग्रह चित्रावरून तुम्हीच तो भरू शकता. जानेवारी २०१०मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या राजधानी पोर्तो-प्रिन्सचे रस्ते असेच भरले आणि मदतकार्यात तो नकाशा वापरला गेला.

उपग्रह चित्रांपैकी लँडसॅट या उपग्रहांची मालिका १९७२पासूनची आहे आणि २००८पासून ती सर्वांना मोफत मिळते. जंगल कमी झालं का, तलाव आटला का, असे लांब काळाचे प्रश्न असतील तर तिच्याकडे जा. तिच्या अलीकडच्या चित्रांतला एक चौकोन (पिक्सेल) जमिनीवर ३० मीटरचा असतो. सेंटिनेल-२ या दुसऱ्या उपग्रह मालिकेच्या सर्वांत बारीक चित्रांत तो १० मीटरचा असतो. जोडीच्या दोन उपग्रहांमुळे एकाच जागेचं चित्र साधारण ५ दिवसांनी पुन्हा मिळतं. पण ही चित्रं ढगांखालचं दाखवत नाहीत, आणि पूर तर ढगाळ दिवसांतच येतो. अशा वेळी रडार वापरणारा सेंटिनेल-१ उपयोगी पडतो, कारण रडारच्या लहरी ढगांतून पार होतात. मोकळ्या शेतात साचलेलं पाणी रडार चित्रात काळं दिसतं. दाट घरांच्या मधल्या गल्लीत मात्र रडारवरही फार विसंबू नका.

उंचीसाठी पुष्कळ जण फेब्रुवारी २०००मध्ये अंतराळयानातून झालेल्या एसआरटीएम मोजणीची माहिती वापरतात. ती मोफत आहे. तिचाही चौकोन सुमारे ३० मीटरचा, आणि त्यातली उंची पुष्कळदा झाडांच्या शेंड्यांची किंवा छपरांची असते. ओढ्याचं खोरं, टेकडी, मोठा उतार ती नीट दाखवते. दोन घरांमधल्या गल्लीत पाणी कुठे वळेल हे तिच्यावरून सांगणं चूक. ते तिथे राहणाऱ्यांना विचारा.

तिसरी पायरी: नोंदी घ्यायला बाहेर पडा

या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ द्या. तयार माहिती कितीही चांगली असली तरी ती दुसऱ्या कोणाच्या प्रश्नासाठी गोळा झालेली असते.

फोनवर नोंदपत्र करायला कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके वापरता येतं. नेटवर्क नसतानाही नोंद होते आणि नंतर पाठवता येते. नोंदपत्रात थोडेच रकाने ठेवा: जागा, तारीख व वेळ, नोंद घेणाऱ्याची खूण, पाण्याची उंची, गटार वाहतं की तुंबलेलं, आणि एक फोटो. पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये विचारली तर प्रत्येकाचा अंदाज वेगळा येतो. ‘घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत’ असे पर्याय दिले तर उत्तरं एकमेकांशी जुळतात, आणि आजीबाईंनाही गेल्या पावसाळ्याचं सांगता येतं. आठवणीतून सांगितलेलं आणि समोर पाहिलेलं हा फरक मात्र वेगळ्या रकान्यात लिहा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. जिथे पाणी तुंबलं नाही, तिथेही थांबा आणि ‘पाणी नाही’ अशी नोंद करा. बहुतेक गट हे टाळतात, कारण कोरड्या जागी थांबणं वाया गेल्यासारखं वाटतं. पण ही शून्याची नोंद नसेल तर मोकळ्या जागेचा अर्थ कधीच लागत नाही. यासाठी परिसरावर समान अंतराच्या चौकोनांची जाळी टाका आणि प्रत्येक चौकोनात निदान एकदा जायचंच असं ठरवा. क्यूजीआयएसमध्ये ‘क्रिएट ग्रिड’ या साधनाने अशी जाळी लगेच तयार होते. कोणत्या चौकोनात कोण जाणार तेही वाटून घ्या. नाही तर सगळे ओळखीच्या रस्त्यानेच फिरतात.

उघड्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरच्या आत जागा सांगतं. उंच भिंतींमध्ये किंवा दाट झाडीत ही चूक बरीच वाढते. फोन दाखवत असलेला अचूकतेचा आकडा खाली येईपर्यंत थांबा आणि तो आकडाही नोंदीत साठवा.

चौथी पायरी: क्यूजीआयएसमध्ये थर लावा

क्यूजीआयएसच्या दोन आवृत्त्या उपलब्ध असतात. नवशिक्याने दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती घ्यावी. आधी पार्श्वभूमीला ओपनस्ट्रीटमॅप आणा. डाव्या ब्राउझर पट्टीत ‘एक्सवायझेड टाइल्स’खाली ते सापडेल. मग नोंदींची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी सारणी) ‘ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर’मधून उघडा. एक्सच्या जागी रेखांश आणि वायच्या जागी अक्षांश द्यायचा. आपण बोलताना ‘अक्षांश-रेखांश’ म्हणतो, त्यामुळे हे हमखास उलटं होतं आणि ठिपके भलत्याच खंडात किंवा समुद्रात जाऊन पडतात. असं झालं तर घाबरू नका, दोन रकाने अदलाबदल करा.

पुढची अडचण प्रक्षेपणाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीची. फोनवरून आलेल्या नोंदी अंशांत असतात. या पद्धतीचं नाव डब्ल्यूजीएस ८४ आणि तिचा क्रमांक ईपीएसजी ४३२६. अंशांत अंतर मोजता येत नाही. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे जवळपास १११ किलोमीटरचा असतो, पण रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढा आणि ६० अक्षांशावर त्याच्या निम्मा. अशा थरावर तुम्ही ‘५००’चा बफर, म्हणजे जागेभोवती तेवढ्या अंतराचा घेर, मागितला तर सॉफ्टवेअर ५०० मीटर नव्हे, ५०० अंश समजतं. म्हणून मोजणीपूर्वी थर यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत बदलून वेगळा साठवा. यूटीएमने पृथ्वीचे ६ अंशांचे ६० पट्टे केले आहेत. आपला पट्टा काढायला रेखांशात १८० मिळवा, ६ने भागा, फक्त पूर्णांक ठेवा आणि १ मिळवा. रेखांश २० पूर्व असेल तर २०० भागिले ६, म्हणजे ३३ पूर्णांक काही, त्यात १ मिळवून ३४वा पट्टा. पश्चिम रेखांश वजा चिन्हाने घ्या. थर जिओपॅकेज या प्रकारात साठवले तर सगळे एकाच फाइलमध्ये राहतात.

मग विश्लेषण, आणि तेही मोजकंच. गटार तुंबलेल्या जागांभोवती ५० मीटरचा बफर काढा आणि गुडघ्यावरच्या किती नोंदी त्यात पडतात ते मोजा. ‘पाणी नाही’च्या किती नोंदी त्यातच पडतात तेही मोजा. ‘काउंट पॉइंट्स इन पॉलिगॉन’ हे साधन त्यासाठीच आहे. मग प्रत्येक नोंदीला उंचीच्या थरावरून उंची जोडा आणि दोन्ही गटांची तुलना करा. हीटमॅपचा, म्हणजे ठिपक्यांची दाटी रंगांत दाखवणाऱ्या नकाशाचा, मोह होतो, कारण तो सुंदर दिसतो. पण तो नोंदी कुठे जास्त घेतल्या तेच रंगवतो, आणि त्याची त्रिज्या बदलली की चित्रही बदलतं.

पाचवी पायरी: नकाशा वाचा, आणि अपवाद शोधा

लंडनमधला १८५४चा पटकीचा (कॉलऱ्याचा) नकाशा या क्षेत्रात सगळ्यांनाच दाखवतात. डॉक्टर जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवतीचे मृत्यू त्यावर मांडले होते. पटकी पाण्यातून पसरते असं त्यांचं म्हणणं होतं. पण त्यांची बाजू पक्की झाली ती अपवादांमुळे. पंपाच्या जवळच गरिबांसाठीचं एक श्रमगृह होतं. तिथे ५३५ माणसं राहत होती आणि त्यांतली ५च दगावली, कारण तिथे स्वतःची विहीर होती. त्याच रस्त्यावरच्या बिअर कारखान्यात ७०हून जास्त कामगार होते. ते पंपाचं पाणी पीतच नव्हते आणि त्यांच्यात पटकीने मृत्यू झाला नाही. उलट, दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा दगावली. चव आवडते म्हणून ती त्याच पंपाचं पाणी मागवून घेत असे. गर्दीतल्या मोकळ्या जागा आणि मोकळ्या जागेतला एकटा ठिपका, दोन्हींची कारणं स्नो यांनी लोकांना भेटून विचारली होती. तुमच्या नकाशावरही असे अपवाद खुणा करून ठेवा आणि तिथे पुन्हा जा. सखल असूनही कोरडी राहिलेली गल्ली सापडली, तर तिथे गटार साफ ठेवणारी माणसं आहेत का, हे तिथे गेल्यावरच कळेल.

दुसरा धोका विभागांच्या सीमांचा. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात २०१४ साली पाण्याचा स्रोत बदलल्यावर नळातून शिसं येऊ लागलं. मुलांच्या रक्तातलं शिसं पोस्टाच्या पिनकोडनुसार मोजलं तेव्हा वाढ पुसट दिसली, कारण फ्लिंटचे पिनकोड शहराबाहेरच्या, दुसरं पाणी पिणाऱ्या घरांवरही पसरलेले होते. डॉक्टर मोना हॅना-अटिशा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५मध्ये घरांचे पत्ते नकाशावर बसवून शहराचं पाणी पिणारी मुलं वेगळी काढली आणि वाढ स्पष्ट झाली. मुलं तीच होती, फक्त रेषा बदलल्या होत्या. म्हणून विभागवार रंग भरण्याआधी विचारा, या रेषा कोणी आणि कशासाठी आखल्या? आणि विभागांची तुलना करताना नुसती संख्या नको, दर हजार माणसांमागचं किंवा दर शंभर घरांमागचं प्रमाण घ्या. नाही तर जिथे लोक जास्त तिथे सगळंच जास्त दिसतं.

सहावी पायरी: दाखवण्याजोगा नकाशा काढा

रंग फिक्याकडून गडदकडे न्या. लाल-हिरवी जोडी टाळा, पुष्कळ पुरुषांना ती ओळखता येत नाही. जिथे कोणीच गेलं नाही ते चौकोन राखाडी तिरप्या रेघांनी दाखवा आणि सूचीत ‘नोंद नाही’ असं स्पष्ट लिहा. नोंदींचा काळ, त्यांची संख्या आणि प्रमाणपट्टी नकाशावरच असू द्या, कारण नकाशा लेखापासून सुटून एकटा फिरतो.

लोकांची घरं उघडी पाडू नका. आजार, उत्पन्न, अनधिकृत बांधकाम किंवा दुर्मीळ पक्ष्याचं घरटं, यांची नेमकी जागा प्रसिद्ध केली तर नुकसान होऊ शकतं. अक्षांश-रेखांश चार दशांश स्थळांपर्यंत दिले तर जागा सुमारे ११ मीटरपर्यंत कळते, तीन दिले तर ११० मीटर, दोन दिले तर साधारण एक किलोमीटर. किती स्थळं ठेवायची हे आधी ठरवा आणि नोंद देणाऱ्यांना ते सांगून त्यांची परवानगी घ्या.

अधिकाऱ्यांकडे जाण्यापूर्वी नकाशाची मोठी छापील प्रत वस्तीतच पसरा आणि सोबत पेन ठेवा. चुकीचं नाव, बुजलेलं गटार, कोणाच्याच नोंदीत न आलेला कोपरा, हे लोक लगेच दाखवतात. त्या दुरुस्त्या मूळ फाइलमध्ये तारखेसह भरा. नोंदपत्र, जाळी आणि पाण्याच्या उंचीचे पर्याय होते तसेच जपून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात, गटारं साफ झाल्यावर, त्याच चौकोनांत तेच प्रश्न घेऊन गेलात तरच पाणी खरंच कमी झालं का हे सांगता येईल.