चौरंगाला स्पिरिट पॉलिश करायचंय? आधी एवढं जमवून ठेवा

गणपतीसाठी जुना सागवानी चौरंग घरीच चमकवणार असाल तर पहिल्यांदा हवा बघा. पाऊस लागून राहिला असेल तर बाटली उघडूच नका, स्पिरिट पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, आणि दमट हवेत तिच्यावर पांढुरकी झाक चढते. आमच्या आजोबांच्या चौरंगावर चढली होती, सगळं परत घासायला लागलं, खूप वाईट वाटलं तेव्हा. दोन दिवस उघडीप मिळाली की धरा.

चपडी लाख, म्हणजे पातळ पापुद्र्यांची लाख, आदल्या रात्रीच भिजत घाला, लिटरभर स्पिरिटला साधारण 200 ग्रॅम, काचेच्या बरणीत, लोखंडी डब्यात नको कारण ती काळपट होते, आणि सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळा. जुनी उरलेली असेल तर काचेवर थेंब टाकून तासाभराने बघा, चिकटच राहिला तर टाकून द्या.

पॉलिश पेपर 120, 180, 220 आणि 400 असे सगळे आणा, मधला नंबर गाळायचा नाही, 120 चे ओरखडे 400 ने जात नाहीत आणि लाख लागली की उठून दिसतात. लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासा. 220 झाला की ओलसर फडकं फिरवून वाळू द्या, मग तळहात फिरवून बघा, लाकडाचे बारीक तंतू उभे राहिलेले चक्क टोचतात, ते परत 220 ने हलकेच काढायचे. हे बरेच जण सोडतात आणि मग म्हणतात शाइन येत नाही, अहो येणार कशी! 400 मात्र लाखेच्या दोन हातांच्या, म्हणजे थरांच्या, मध्ये फिरवायला ठेवा. खिळ्यांच्या भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घ्या.

लाख लावायच्या बोळ्यासाठी कापूस आणि वर गुंडाळायला चार पाण्यांतून गेलेलं जुनं धोतर, नव्या कापडाचे धागे सुटतात. तळाला एकही सुरकुती नको. बोळा अडकायला लागला तर बोटाने जवसाच्या तेलाचा एक थेंब, बास. मध्ये उठलात तर बोळा झाकणाच्या बरणीत ठेवा नाहीतर दगड होतो.

खिडक्या उघड्या, पंखा बंद, त्या खोलीत सकाळपासून झाडू नाही, आणि गॅस, समई, उदबत्ती काहीही पेटलेलं नको, स्पिरिट भडकतं.

शेवटच्या हातानंतर आठ दिवस त्यावर काही ठेवायचं नाही, म्हणून पंधरा दिवस आधीच सुरुवात करा. लाखेला पाणी सोसत नाही आणि पूजेत ते सांडणारच, त्यामुळे मोठं ताम्हण आणि अंथरायचं जाड वस्त्र आत्ताच काढून ठेवा.