डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेताना

डोमेन (संकेतस्थळाचे नाव) एका रजिस्ट्रारकडून, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीकडून, दुसऱ्याकडे नेल्याने संकेतस्थळ बंद पडण्याचे काही कारण नसते. ते बंद पडते ते बहुधा डीएनएसकडे, म्हणजे डोमेनचे नाव सर्व्हरच्या पत्त्याशी जोडणाऱ्या व्यवस्थेकडे, दुर्लक्ष झाल्यामुळे. हस्तांतरणात नेमसर्व्हर (डीएनएसच्या नोंदी पुरवणारे सर्व्हर) सहसा आहेत तेच राहतात, परंतु ते जुन्या रजिस्ट्रारने पुरवलेले असतील, तर डोमेन हलताच तो ती सेवा थांबवू शकतो आणि मग संकेतस्थळाबरोबर ईमेलही अडकते. म्हणून डीएनएस आधी हलवावे आणि डोमेन नंतर, हा क्रम मोडू नये.

त्यासाठी जुन्या ठिकाणच्या सर्व नोंदी नव्या डीएनएस सेवेत उतरवून घ्याव्यात. संकेतस्थळाचा पत्ता सांगणाऱ्या ए आणि सीनेम नोंदी कोणी विसरत नाही. विसरतात त्या आलेली पत्रे कोणत्या सर्व्हरकडे जावीत हे सांगणाऱ्या एमएक्स नोंदी आणि पाठवलेली पत्रे खरी असल्याची खूण देणाऱ्या एसपीएफ व डीकेआयएमच्या टीएक्सटी नोंदी, आणि ती चूक पत्रे परत येऊ लागल्यावरच कळते. डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरांची स्वाक्षरीने होणारी पडताळणी) सुरू असल्यास नेमसर्व्हर बदलण्यापूर्वी डीएस नोंद (या पडताळणीची किल्ली ओळखून देणारी, रजिस्ट्रारमार्फत भरलेली नोंद) काढून टाकावी आणि तिचा टीटीएल (नोंद साठवून ठेवण्याची मुदत) संपू द्यावा, अन्यथा पडताळणी करणारे रिझॉल्व्हर (नावावरून पत्ता शोधून देणारे सर्व्हर) डोमेनचा पत्ताच देणार नाहीत. नेमसर्व्हर बदलल्यावर दोन दिवस थांबून संकेतस्थळ आणि ईमेल दोन्ही तपासावेत.

आता प्रत्यक्ष हस्तांतरण. डॉट कॉमसारख्या डोमेनांना आयकॅन या डोमेन व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या संस्थेचे नियम लागू होतात (देशनिहाय डोमेनांची पद्धत वेगळी असू शकते). नोंदणीला किंवा मागील हस्तांतरणाला 60 दिवस झालेले नसतील, तर विनंती नाकारली जाऊ शकते. धारकाचे नाव, संस्था किंवा ईमेल बदलल्यासही 60 दिवसांचे कुलूप लागू शकते. त्यामुळे जुना ईमेल अजून उघडत असेल, तर हे तपशील डोमेन हलल्यानंतरच दुरुस्त करणे शहाणपणाचे.

जुन्या रजिस्ट्रारच्या खात्यात हस्तांतरणाचे कुलूप काढावे आणि ऑथ कोड (हस्तांतरणाला परवानगी देणारा गुप्त कोड) मागावा. मागणी केल्यापासून पाच दिवसांत तो देणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. हा कोड पासवर्डइतकाच जपावा. नव्या रजिस्ट्रारकडे कोड देऊन शुल्क भरल्यावर जुन्याकडून पुष्टीचा ईमेल येतो. त्यात संमतीची सोय असल्यास काम लवकर उरकते, आणि उत्तर दिले नाही तरी हरकत नसल्याचे गृहीत धरून साधारण पाच दिवसांत हस्तांतरण पूर्ण होते.

शुल्कात बहुधा एका वर्षाची मुदतवाढ येते, मात्र एकूण मुदत दहा वर्षांपलीकडे जात नाही. मुदत संपण्याच्या तोंडावर हा खटाटोप करू नये. महिनाभर तरी हाताशी ठेवावा.

डोमेन नव्या खात्यात दिसू लागल्यावर कुलूप पुन्हा लावावे, स्वयंनूतनीकरण सुरू करावे आणि काढलेली डीएस नोंद नव्या डीएनएस सेवेने दिलेल्या मूल्यांनिशी भरावी. होस्टिंग किंवा ईमेल जुन्याच कंपनीकडे असेल, तर तिथले खाते मात्र बंद करू नये.